बदकावर फुटलेले खापर

'हॉवर्ड द डक' हा चित्रपट १ ऑगस्ट १९८६ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि तेव्हापासून टाकाऊ सिनेमाचे उदाहरण शोधण्याचे समीक्षकांचे श्रम वाचले. बदकांच्या ग्रहावर आरामखुर्चीत बसलेले, सिगार ओढणारे एक बदक शास्त्रज्ञांच्या लेझर प्रयोगातील गफलतीमुळे खुर्चीसकट उचलले जाते आणि ओहायो राज्यातील क्लीव्हलंड शहरात येऊन आदळते. तेथे बेव्हर्ली नावाची रॉक गायिका त्याला आसरा देते. पुढे एका शास्त्रज्ञाच्या अंगात अंतराळातील असुर येतो, बदक त्याला नमवते आणि पृथ्वी वाचते. निर्माते वाचले नाहीत. सुमारे ३.७ कोटी डॉलर खर्चून अमेरिकेत जमा झाले जेमतेम १.६ कोटी. जाहिरातीत कार्यकारी निर्माते म्हणून जॉर्ज लुकास यांचे नाव असल्याने अपेक्षा 'स्टार वॉर्स'च्या उंचीची होती. वाईट चित्रपटांना दिले जाणारे रॅझी पुरस्कार चार मिळाले. त्यांपैकी वाईट पदार्पणाचा पुरस्कार बदकाच्या पोशाखात शिरलेल्या सहा जणांना विभागून मिळाला. ज्यांचे तोंडच कोणी पाहिले नाही, त्यांनाही तोंड लपवण्याची वेळ आली.

मुळातला हॉवर्ड असा नव्हता. लेखक स्टीव्ह गर्बर आणि चित्रकार व्हॅल मायरिक यांनी १९७३ मध्ये मार्व्हलच्या कॉमिकमध्ये त्याला जन्म दिला. माणसांच्या जगात अडकलेला हा तिरसट प्राणी त्या जगावर सतत आसूड ओढी. १९७६ मध्ये तो कॉमिकच्या पानांवर राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकही लढला. डिस्नेला मात्र त्यात आपला डोनाल्ड दिसला. डोनाल्ड जन्मभर विजारीशिवाय वावरला, त्याच्याशी गल्लत नको म्हणून हॉवर्डला विजार चढवावी लागली. अब्रूसाठी विजार घालणारे पुष्कळ असतात. दुसऱ्या कंपनीच्या वकिलांसाठी ती घालणारा हा एकटाच.

चित्रपट फसला तो कॉमिकमधला हा तिरसटपणा पडद्यावर आणताना. कागदावर भुवईची एक रेघ वर सरकली की तिरकसपणा साधतो. दिग्दर्शक विलर्ड हाइक आणि निर्माती ग्लोरिया कॅट्झ या लेखक दांपत्याच्या मनात आधी ॲनिमेशनच होते. पण स्टुडिओला खऱ्या नटांचा चित्रपट हवा होता. मग पिसे लावलेला पोशाख आला, चोच हलवण्यासाठी मोटारी आल्या, आत प्रामुख्याने एड गेल आणि आवाज चिप झीन यांचा. एवढ्या मंडळींच्या मेहनतीनंतरही बदकाचा चेहरा प्रेमात, संकटात आणि विनोदात सारखाच, किंचित दचकलेला राहतो. त्यात हा चित्रपट कोणासाठी, हेही ठरलेले नव्हते. बेव्हर्ली आणि बदक यांचा शयनगृहातील लाडीगोडीचा प्रसंग मुलांना कळत नाही आणि त्यांना घेऊन आलेल्या पालकांना बघवत नाही.

अपयशाबरोबर एक दंतकथाही चिकटली: या बदकाने लुकास यांना एवढे बुडवले की त्यांना संगणक विभाग स्टीव्ह जॉब्सना विकावा लागला आणि त्यातून पिक्सार जन्मली. हा व्यवहार फेब्रुवारी १९८६ मधला, म्हणजे बदक पडद्यावर येण्याच्या सहा महिने आधीचा. लुकास यांना रोकड हवी होती त्यामागे १९८३ मधला घटस्फोटही होता. पण घटस्फोटापेक्षा बदकावर खापर फोडणे केव्हाही सोयीचे.

आज पाहिले तर चित्रपट चांगला ठरत नाही. सर्वांत वाईट तर मुळीच नाही. असुर अंगात आल्यावर जेफ्री जोन्स ज्या तन्मयतेने किडत जातात, ते पाहण्यासारखे आहे. अखेरचा राक्षस फिल टिपेट यांच्या हातचा. पुढे 'जुरासिक पार्क'साठी ऑस्कर मिळवणारे हेच. संगीत जॉन बॅरी यांचे, गाणी थॉमस डॉल्बी यांची, आणि बेव्हर्ली झालेल्या ली थॉम्पसन ती स्वतःच गातात. निर्जीव चोचीकडे पाहून त्या इतक्या मनापासून अभिनय करतात की रॅझीवाल्यांनी त्यांच्यासाठी एक खरा पुरस्कार काढायला हवा होता. सहायकाच्या भूमिकेत टिम रॉबिन्स आहेत. ते पुढे नावारूपाला आले, यावरून प्रेक्षक क्षमाशील असतो असे दिसते.

१९४४ च्या 'कॅप्टन अमेरिका' मालिकेनंतर मार्व्हलच्या पात्रावर चित्रपटगृहांसाठी निघालेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. आज अब्जावधी कमावणाऱ्या घराण्याच्या वंशावळीत हे बदक आयर्न मॅनच्या कितीतरी वर बसते, आणि घराण्याला ते फारसे आवडत नसावे. तरी २०१४ मध्ये 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'च्या श्रेयनामावलीनंतर हॉवर्ड परतला: संगणकावर घडवलेला, सेथ ग्रीन यांच्या आवाजात, हातात पेला घेऊन, मोजून काही सेकंद. एवढ्या लांबीत तो उत्तम शोभतो.