गळतीची सुबक वर्गवारी

मीरा रोडच्या शांती नगरातल्या एका सोसायटीच्या चिटणीसांचे जाहीर अभिनंदन. सभासदांच्या ईमेलसाठी त्यांनी थेट 'एमएच' बसवले. 1970 च्या दशकाअखेरीस रँड कॉर्पोरेशनमध्ये युनिक्ससाठी झालेली ही प्रणाली प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल करते. माउस वर्ज्य. काळ्या पडद्यावर 'पिक' टंकले की 'लीकेज'वाली सगळी पत्रे आपण दिलेल्या नावाखाली मुकाट गोळा होतात. शिवाय एकच पत्र अनेक गटांत बसते. चौथ्या मजल्यावरचे बाथरूम सध्या 'तातडीचे'मध्येही आहे आणि 'पुढील सभेत'मध्येही. पूर्वी तक्रार कुठे गेली हे कळत नसे. आता ती नेमकी कुठे पडून आहे हे क्षणात सांगता येते. प्लंबर बोलावणे तेवढे लांबले, कारण त्याला कोणत्या गटात घालावे यावर कमिटीचे एकमत नाही. पुढे सभासदांचेही असेच गट पाडून, विंग मोडीत काढायचा विचार आहे.

चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारले, "मग माझी तक्रार निकाली निघाली का हो?"

चिटणीसांनी 'आरएमएम' टंकले. या आज्ञेने पत्र पुसले जात नाही. फाइलच्या क्रमांकाआधी सहसा नुसता स्वल्पविराम लागतो.

"निघाली," चिटणीस म्हणाले, आणि कीबोर्ड भिजू नये म्हणून बादली जरा अलीकडे ओढली.