व्हर्जिनियाच्या वाटा, मुक्काम धाराशिव

धाराशिवातल्या निवृत्त काका-आप्पांनी कराओकेचा माइक हाती धरून जॉन डेन्व्हरच्या ‘कंट्री रोड्स’ची सेवा मांडली, तर तिचे स्वागतच व्हायला हवे. गाणे १९७१चे. दाइसुके इनोउए यांनी जपानात कराओकेचे यंत्र बनवले तेही १९७१लाच. छत्तीस गुण जुळतात. गाण्यातला वेस्ट व्हर्जिनिया पाहिलेला नाही, ही उणीव कुणी काढू नये. गाणे लिहायला घेतले त्या जोडप्यानेही तोवर तो पाहिला नव्हता. शिवाय पाश्चात्त्य माल या जिल्ह्याला नवा थोडाच आहे? इथल्या तेरचा रोमशी व्यापार दोन हजार वर्षांपूर्वीचा. (तेव्हा आपणही काही पाठवत होतो, एवढाच फरक.)

इनोउएंना २००४ साली इग नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, तो माणसांना एकमेकांना सहन करण्याचा नवा मार्ग दाखवल्याबद्दल. शेजाऱ्यांनी नोंद घ्यावी.

आता कुणी म्हणेल, तुळजाभवानीच्या गोंधळाचाही ट्रॅक आणा. सूचना रास्त आहे. परंतु स्मरणरंजनासाठी गोष्ट आधी नाहीशी व्हावी लागते, आणि गोंधळी अजून भेटतात. धीर धरावा. त्या दिशेने प्रगती समाधानकारक आहे.