अण्णांचं पाणी

पितृपंधरवडा संपत आला, की अण्णांच्या अंगात येतं.

तसं अण्णा हे काही एका माणसाचं नाव नव्हे. कराडपासून सांगली-कोल्हापूरपर्यंतच्या ऊसपट्ट्यात कुठल्याही गावात जा. एसटी स्टँडच्या मागं नाहीतर सोसायटीच्या गोडाऊनशेजारी टाटाची जुनी १२१० उभी असते आणि तिच्या उघड्या बॉनेटात एक माणूस कमरेपर्यंत बुडालेला असतो. रस्त्यावरून दिसतात ते फक्त त्याचे पाय आणि लेंग्याची लोंबणारी नाडी. कुठल्या गावात त्याला आप्पा म्हणतील, कुठं तात्या, माणूस तोच. वय साठीच्या पुढं, गाडी पस्तिशीच्या पुढं. घरच्यांना दोघांच्याही प्रकृतीची काळजी असते, अण्णांना एकीचीच.

दसऱ्यानंतर कारखान्यांची धुराडी पेटायची वेळ होते. पुढचे चार-पाच महिने गाडी उसाच्या मोळ्यांखाली वाकणार, फडातून कारखान्यापर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत जाणार. त्याआधी खंडेनवमीला सगळे ट्रकवाले गाडी धुतात, हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. अण्णांना हे वरवरचं वाटतं. "बाहेरनं काय, म्हस पण धुत्यात. आतनं कोण धुणार?" असं म्हणून ते घटस्थापनेच्या आधीच गाडीचं पाणी बदलायला काढतात. पाणी बदलणं म्हणजे खालचा कॉक सोडून वर पाइप लावणं, असं तुम्हाला वाटत असेल तर अण्णांसमोर बोलू नका. आमच्या गल्लीतला एक जण बोलला होता. त्याला दुपारचं जेवण संध्याकाळी मिळालं.

अण्णांचं पहिलं प्रवचन कॉकवर असतं. रेडिएटरचा कॉक सगळ्यांना ठाऊक असतो, इंजिनच्या ब्लॉकचा कुणालाच नसतो. तो बाजूला अंगचोरपणानं बसलेला असतो, ग्रीस आणि मातीखाली दबलेला. तो उघडला नाही तर निम्मं जुनं पाणी आतच राहतं आणि वरून ओतलेलं नवं पाणी त्या खातेऱ्यात मिसळून चार दिवसांत गढूळ होतं. अण्णा तो कॉक सोडतात तेव्हा बहुतेक वेळा काहीच बाहेर येत नाही. मग ते छत्रीची तार घेतात, भोकात घालून ढोसतात आणि तोंड बाजूला घेतात. तोंड बाजूला घेणं महत्त्वाचं. बघायला वाकलेल्या कोवळ्या पोरांच्या शर्टावर त्या तांबड्या पाण्याचे डाग वर्षभर राहतात. ही पोरं पुढच्या वर्षी तीन फूट लांब उभी असतात. अण्णांच्या तालमीत शिक्षण असं मिळतं.

तेवढ्यात मिस्त्री येतो. हा अण्णांचा जन्माचा वैरी, आणि चहाही त्याच्याशिवाय गोड लागत नाही. मिस्त्रीचा सगळ्या रोगांवर एकच इलाज: थर्मोस्टॅट काढून टाकायचा. "अण्णा, वॉल्व्हच नको. पाणी सारखं फिरतंय, गाडी गरमच हुणार न्हाई."

"तुझ्या घराचं दार काढून टाकू का? चोर आला तर त्याला कडी वाजवायची कटकट न्हाई."

अण्णांचं म्हणणं बरोबर असतं, हीच त्यांची अडचण. वॉल्व्ह नसला की इंजिनला पुरेशी ऊब येत नाही. मग डिझेल नीट जळत नाही, ऑइल लवकर खराब होतं आणि लायनर झिजतात. गाडी थंड राहते, आणि मालकाला वाटतं, काय सुखात चाललीय! धुण्यापुरता वॉल्व्ह काढावा, कारण तो मिटलेला असला की पाणी सगळीकडं फिरत नाही, पण नंतर तो जागेवर बसलाच पाहिजे. आणि बसवण्याआधी त्याची परीक्षा घेतली पाहिजे. ती परीक्षा अण्णा स्वयंपाकघरात घेतात.

हा सोहळा मी जवळून पाहिला आहे. गॅसवर चहाचं पातेलं. पातेल्यात पाणी. वॉल्व्हच्या फटीत काकूंच्या शिवणाच्या डब्यातला दोरा अडकवलेला, आणि त्या दोऱ्यावर वॉल्व्ह पाण्यात लोंबतोय. दोऱ्याचं दुसरं टोक अण्णांच्या चिमटीत. दुसऱ्या हातात थर्मामीटर. वॉल्व्हवर ८२ कोरलेलं, म्हणजे तेवढ्या अंशाला तो उघडायला लागला पाहिजे. उघडला की फट रुंदावते, दोरा सुटतो आणि वॉल्व्ह पातेल्याच्या तळाला टण्णकन पडतो. घरातलं वारंही थांबलेलं. काकू ओट्याला टेकून, हाताची घडी घालून. टण्ण! "त्र्याऐंशी!" अण्णा ओरडले. मुलगी दहावीला त्र्याऐंशी टक्क्यांनी पास झाली तेव्हा ते एवढ्या मोठ्यांदा ओरडले नव्हते, असं काकूंनी तिथल्या तिथं सांगितलं आणि ते पातेलं उचलून कायमचं ट्रकच्या केबिनमध्ये ठेवून दिलं.

मग सोडा. धुण्याचाच सोडा, गरम पाण्यात विरघळवून. तो भरायचा, इंजिन तापेपर्यंत चालवायचं, निवू द्यायचं, सोडायचं, आणि पाणी नितळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायचं. कुणी ॲसिड सुचवलं की अण्णा त्याच्याकडं गुन्हेगाराकडं बघावं तसं बघतात. रेडिएटर पितळ-तांब्याचा, झाळकाम केलेला. ॲसिडनं खपली निघते, तिच्याबरोबर रेडिएटरही निघतो. रेडिएटर सोडवून तो उलटा धुणं हा तर अण्णांचा खास कार्यक्रम. पाणी एरवी वरून खाली जातं, म्हणून पाइप लावायचा खालच्या तोंडाला. गाळ ज्या वाटेनं जाऊन रुतला, त्याच वाटेनं मागं फिरतो. जाळीवर फडातलं पाचट, धूळ आणि किडे थापलेले असतात. तिथंही तोच नियम, पाणी मारायचं इंजिनच्या बाजूनं बाहेर.

एका वर्षी बाहेर आलं ते पाणी पिवळंधमक होतं. ड्रायव्हरनं आंबा घाटात गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकली होती. घाटात टाकली याबद्दल अण्णांची तक्रार नव्हती. अडल्या वेळी ते स्वतःही टाकतात, फुगते आणि बारीक भोक धरते. पण ती तीन महिने तशीच ठेवायची? नळ्या तुंबायच्या राहतील? "हळद लावून बसलीय पोरगी, लगीन कधी लावतोस?" एवढंच ते ड्रायव्हरला म्हणाले. ड्रायव्हर दोन दिवस कामावर आला नाही.

आता भरायचं काय? इथं अण्णांच्या घरचं खरं राजकारण सुरू होतं. गावात बोअरचं पाणी इतकं जड, की बंबाच्या आतून दरवर्षी खपल्या पाडाव्या लागतात. हीच खपली इंजिनात सगळ्यात तापणाऱ्या जागी, हेडच्या आसपास बसते. पाण्याला उष्णता नीट घेता येत नाही. काटा साळसूद मध्यावर आणि आतलं लोखंड भाजतंय. म्हणून अण्णा गाडीला वीस लिटरचे फिल्टरच्या पाण्याचे जार आणतात. घरातली माणसं बोअरचंच पितात.

गेल्या वर्षी अण्णांना मुतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या. काकूंनी सरळ विचारलं, "कंचं? बोअरचं का गाडीचं?"

जारच्या पाण्यात निम्मं कूलंट. इथं कुठं बर्फ पडतो, असं विचारणाऱ्याला अण्णा बाकावर बसवून घेतात. निम्मं-निम्मं केलं की उकळी शंभराऐवजी १०७ अंशांच्या आसपास येते, आणि झाकणाचा दाब धरला तर आणखी वर. पण खरा मुद्दा गंजाचा आणि लायनरचा. ज्या इंजिनात लायनर पाण्यात बुडालेला असतो, तिथं तो ठोक्यांनी थरथरतो, त्याच्या अंगावर बुडबुडे फुटतात आणि वर्षानुवर्षं फुटत राहिले की देवीच्या व्रणासारखे खड्डे पडत-पडत एक दिवस आरपार भोक. मग पाणी ऑइलमध्ये, आणि ऑइलचा चहा. कूलंटमधली औषधं ते थोपवतात. त्याचा डबा मात्र अण्णांच्या ट्रंकेत, कुलपात. ते चवीला गोड असतं आणि कुत्रं प्यालं तर मरतं. जुनं कूलंट ते गटारात सोडत नाहीत, कॅनमध्ये भरून ठेवतात. त्या कॅनचं पुढं काय करायचं हे कुणालाच माहीत नसल्यामुळं न्हाणीघरामागं कॅनांची रांग लागलीय.

भरताना घाई नाही. बारीक धार, हवेचे बुडबुडे वर येऊ द्यायचे, झाकण उघडं ठेवून इंजिन चालवायचं, पाणी खाली गेलं की पुन्हा भरायचं. दुसऱ्या दिवशी गार इंजिनात पुन्हा बघायचं. काटा मध्यावर थांबतो आणि थांबूनच राहतो. त्या दिवशी अण्णा दिवसभर चिडचिडे असतात. नादुरुस्त असं काही उरलेलंच नसतं.

यंदा पुतण्यानं नवा ट्रक घेतला. अण्णा हार घेऊन गेले, नारळ फोडला आणि सरळ पुढं जाऊन प्लॅस्टिकच्या त्या पारदर्शक टाकीला कान लावला. आतलं पाणी गुलाबी. अण्णांचा चेहरा पडला.

"अण्णा, हात नका लावू," पुतण्या धावत आला. "कंपनीचा माणूसच उघडतो. आपण उघडलं तर वॉरंटी जाती."

अण्णांनी हात मागं घेतला. उपरण्याला पुसला. टाकीकडं एकवार डोळे भरून बघितलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "वॉरंटी संपती कधी रं?"