शांततेच्या शोधात, रांगेने

पावसाळी शनिवारी मध्यरात्रीच बारी गावात बसगाड्या येऊन लागतात. शहरातल्या गर्दीला कंटाळलेले जीव त्यातून उतरतात आणि कळसूबाई शिखराच्या लोखंडी शिड्यांपाशी दादरच्या पुलालाही लाजवेल अशी रांग लावतात. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य. वन्यप्राण्यांना इथे कायद्याचं संरक्षण आहे. पाठपिशवीतला स्पीकर सुरू झाला की ते बिचारे कायद्यावर विसंबून राहत नाहीत, पळतात.

खरी गंमत गवताळ सोंडेवर. वाटेवर चिखल होतो. नव्याकोऱ्या बुटांना तो सोसत नाही, म्हणून मंडळी शेजारच्या गवतावरून जातात. मग तिथेही चिखल. पुढची तुकडी आणखी बाजूने. गवत गेलं की मोकळी माती पावसाबरोबर खाली, आणि भाद्रपदात जिथे सोनकीच्या फुलांनी पिवळं व्हायचं तिथे नुसता रबडा. निविदा न काढता इतकं झटपट रस्तारुंदीकरण कुठल्याही कंत्राटदाराला जमलेलं नाही.

१६४६ मीटरवरच्या माथ्यावर बहुतेकदा धुक्याशिवाय काहीच दिसत नाही. तरी 'निसर्गाच्या कुशीत' असे फोटो निघतातच. (कूस कोणती, ते फोटोत ओळखू येत नाही.)

जायचंच असेल तर आडवारी जा, आणि बूट खुशाल चिखलात घाला. ते धुता येतात.