नकाशात पाणी भरणारा

लग्नाच्या मांडवात बाकीचे पाहुणे पंगतीचा अंदाज घेतात. हा जोत्याचा घेतो. ‘समुद्रसपाटीपासून किती?’ यजमान बिचारे सांगतात, ‘तीन पायऱ्या.’ हा खिन्नपणे मान हलवतो. त्या घराचं काही खरं नाही.

वादळी उधाणाचे नकाशे करणारी ही जमात हल्ली कोकण किनाऱ्यावर वाढली आहे. लॅपटॉपवर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर. ते फुकट मिळतं हे तो न विचारता सांगतो. जमिनीची उंची मात्र त्याने थेट अंतराळातून आणलेली असते. फेब्रुवारी २००० मध्ये नासाच्या शटलने रडारने पृथ्वी मोजली, तीच. एकेक चौकोन ३० मीटरचा, म्हणजे देऊळ, विहीर आणि शेजारचा गोठा एकाच उंचीवर. त्यात १६ मीटरपर्यंतची चूक मोहिमेच्या अटींतच माफ होती. प्रत्यक्षात ती पुष्कळ कमी निघाली म्हणा. पण इथे उधाणच एक-दोन मीटरचं! तरी हा सांगणार, ‘तुमच्या ओटीवर १.३७ मीटर पाणी.’ त्या सदतीस सेंटिमीटरांवर त्याचा फार जीव.

शिवाय दाट झाडीत रडार जमिनीपर्यंत धड पोचत नाही, वरच अडकतं. त्यामुळे श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या वाड्या याच्या पडद्यावर उंच आणि निर्धास्त. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ वादळाने तिथली झाडं आडवी केली. नकाशातली टेकडी अजून उभी आहे.

मग पाणी भरायचं. पातळी तीन मीटर म्हटली की तीनच्या खालचं सगळं निळं, समुद्राकडून वाट असो वा नसो. डोंगराआडची खाचरंसुद्धा बुडाली, तेव्हा एका आजोबांनी विचारलं, ‘अरे, इथे पाणी येणार कुठून?’

‘मॉडेलमध्ये आलंय, आजोबा.’

‘मॉडेल राहू दे. खाडीचं पाणी खारबांधाच्या दारातून, उघाडीतून शिरतं. तिची झडप कुजल्ये, ती दाखव आधी.’

उघाडीचा लेयर त्याच्याकडे नव्हता. पण गडी मानी नाही, हे त्याचं मला आवडतं. दुसऱ्या ओहोटीला जीपीएस घेऊन तो खारबांधावर हजर. चिखलात एक चप्पल गेली, पण उघाड्या नकाशावर आल्या आणि पाणी वाट असेल तिथेच शिरू लागलं. खाचरं कोरडी झाली.

सरपंचांचा विकायला काढलेला प्लॉट तेवढा निळ्यातच राहिला. ‘रंग जरा फिका होईल का?’ त्यांनी विचारलं. याने त्यांना विज्ञाननिष्ठेवर अर्धा तास ऐकवलं आणि पारदर्शकता चाळीस टक्क्यांवर नेली.