एकाच छोट्या बॅटरीवर गाडी सोडणाऱ्या साहेबांस

प्रति,
विजेच्या गाडीला बारा व्होल्टची एकच बॅटरी पुरे, असं ठरवणारे साहेब,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. गाडीच्या कागदांवर तुमची सही नसते, पण तुमचा निर्णय आमच्या बॉनेटखाली बसलेला आहे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

जाहिरातीत मोठ्या बॅटरीचं कौतुक पानभर असतं. बारा व्होल्टच्या छोटीबद्दल अवाक्षर नाही. ती कुठे बसवली आहे, हे शोरूममधल्या पोरालाही सांगता आलं नाही. त्या पोराचा दोष नाही, त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. तेव्हा गिऱ्हाइकाला जे तुम्ही सांगायला हवं होतं ते मी सांगतो. गाडी उभी असताना तीनशे-चारशे व्होल्टची मोठी बॅटरी मुद्दाम तोडून ठेवलेली असते, आणि ते जीव वाचवणारं आहे. तिला गाडीशी जोडणारे दणकट रिले मात्र बारा व्होल्टवर चालतात. दारांची कुलपं, दिवे, वायपर, हॉर्न, गाडीतले संगणक, सगळं त्याच बारा व्होल्टवर. रिले जोडले गेले की डीसी-डीसी कन्व्हर्टर मोठीतली वीज उतरवून छोटीला भरत राहतो. छोटी बसली की रिले जोडले जात नाहीत, रिले नाहीत म्हणून कन्व्हर्टर नाही, आणि बहुतेक गाड्या चार्जरची गनही घेत नाहीत. मोठी ऐंशी टक्के भरलेली, आणि गाडी जागची हलत नाही.

मे महिन्यात बडनेरा स्टेशनाबाहेर हे माझ्या वाट्याला आलं. गावाहून परत आलो तर रिमोटने दार उघडेना. सोबत डोळ्यांचं ऑपरेशन झालेली आई. तुमच्या हेल्पलाइनचं एकच उत्तर, गाडी उचलून न्यावी लागेल. शेवटी एक बॅटरीवाला आला, चिमटे लावले आणि गाडी जागी झाली. जाताना तो म्हणाला, "भाऊ, मोठी भरेल हाये, लहानी बसली. कंपनीनं अजून एक काहून नाही देल्ली?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्या.

आमच्या उन्हाचा विचार तुम्ही केलाच नाही, असं मी म्हणतो. 25 मे 2024 ला अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना उन्हापायी कलम 144 लावावं लागलं होतं, थेट 31 मेपर्यंत. पारा 45 अंशांच्या पलीकडे होता. छोटी बॅटरी बहुधा लेड-ॲसिडची असते, आणि अशा बॅटरीचा ढोबळ नियम तुम्हाला माझ्याहून चांगला माहीत आहे: तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. त्यातून गाडी उभी असली तरी या बॅटरीचं काम थांबत नाही. किल्लीची चाहूल घ्यायची, मोबाइलच्या ॲपला उत्तर द्यायचं, कंपनीला गाडीचा ठावठिकाणा कळवायचा, हे सगळं त्याच थोड्या विजेवर. घरात पंखा बंद पडू नये म्हणून वऱ्हाडातला साधा माणूसही दीडशे अँपिअर-तासांची इन्व्हर्टर बॅटरी ठेवतो, आणि तुम्ही लाखोंच्या गाडीला तिच्या निम्म्याचीही देत नाही.

सर्वांत जास्त राग येतो तो तिच्या मुकेपणाचा. पेट्रोल गाडीत बॅटरी थकली की सेल मारताना स्टार्टर जड फिरतो, माणूस सावध होतो. विजेच्या गाडीत स्टार्टरच नाही. थकलेली बॅटरीही रिले ओढण्यापुरती वीज महिनोन्‌महिने पुरवते, आणि एक दिवस पुरवत नाही. एवढा मोठा स्क्रीन दिलात, त्यावर रंग बदलणारे दिवे निवडता येतात, मग बॅटरीचे व्होल्ट दाखवायला जागा का नाही? विश्रांतीत असलेली बॅटरी 12.6 वरून 12.2 ला आली म्हणजे ती निम्मी रिकामी झाली. हा आकडा गाडीच्या संगणकाला कळतो, मालकाला कळू देत नाही. काही गाड्या उभ्या असतानाच मोठीतून छोटीला अधूनमधून भरतात. ते ज्यांनी केलं त्यांनाही तुमच्याएवढाच पगार असेल.

उभ्या गाडीचं एक वेळ सोडा. कन्व्हर्टर चालत्या गाडीत बंद पडला तर? हे माझ्या कल्पनेतलं नाही. 2024 च्या जून महिन्यात ह्युंदाईने भारतात 1,744 आयोनिक 5 गाड्या परत बोलावल्या, बारा व्होल्टची बॅटरी भरणाऱ्या यंत्रणेतल्या दोषासाठी. त्यांनी निदान तो जाहीर केला. अशा वेळी छोटी बॅटरी एकटी सगळा भार ओढते, ती संपली की गाडीचं बळ जातं. आमचा अमरावती-अकोला महामार्ग जून 2022 मध्ये गिनीज बुकात गेला: लोणी ते माना दरम्यान 75 किलोमीटरची एक मार्गिका 105 तास 33 मिनिटांत डांबरली होती. त्या रस्त्यावर रात्री मागून ट्रक येत असताना, मूर्तिजापूरहून कोणी रुग्णाला अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात नेत असताना, गाडी बाजूला घ्यायला मिळणारी चार जादा मिनिटं तुम्ही कोणत्या रकान्यात धरली होती? दुसरी बॅटरी कन्व्हर्टर दुरुस्त करणार नाही, पण ती मिनिटं देईल.

मग लोक स्वतःच हात घालतात, आणि तिथे भीती आहे. दोन वेगळ्या वयाच्या, वेगळ्या जातीच्या बॅटऱ्या सरळ समांतर जोडल्या की थकलेली बॅटरी चांगलीलाही रिकामी करते. मध्ये आयसोलेटर हवा, दोन्ही बाजूंना फ्यूज हवा, जाड तार हवी, आणि मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलच्या जवळपास कोणाचा हात जायला नको. हे काम चौकातल्या मेकॅनिकच्या अंदाजावर सोडण्यासारखं नाही. ते कारखान्यात व्हायला हवं, तुमच्या हमीसह.

तेव्हा मागणी स्पष्ट आहे. राखीव बॅटरी कारखान्यातूनच द्या, पैसे घेऊन द्या, आम्ही देऊ. उन्हात टिकणारी द्या. व्होल्ट स्क्रीनवर दाखवा. दार किल्लीने कुठून उघडतं आणि चिमटे कुठे लावायचे, हे मराठीत लिहून दाराच्या कप्प्यात ठेवा. ही बॅटरी अकोला-अमरावतीच्या सर्व्हिस सेंटरात त्याच दिवशी मिळेल एवढा साठा ठेवा. आणि हे सगळं होईपर्यंत, कोणी जाणत्या इलेक्ट्रिशियनकडून नीट राखीव बॅटरी बसवून घेतली, तर वॉरंटी रद्द करण्याची धमकी देऊ नका.

आपला गिऱ्हाईक,
अमरावती