हात लावून मम

आमचे मामा मूळचे राजापूरचे. टेलिफोन खात्यातून लखनौला निवृत्त झाल्यावर गावी परतायचं सोडून त्यांनी मलिहाबादेत दशहरीची बाग घेतली. राजापूरच्या माणसाने दशहरी खाल्ला तरी आमच्याकडे कुजबुज होते, इथे तर लागवड. पण मामांची खरी ख्याती आंब्यांची नाहीच. इंटरनेटच्या कारभारात ते सामान्य माणसाचे प्रतिनिधी आहेत. त्यांना निवडलं कोणी, हे विचारू नये. मलिहाबादेत ते नुसते ‘मीटिंगवाले साहब’.

त्यांची एक संस्थाही आहे. अध्यक्ष मामा, सचिव मामा, खजिनदार मामी. मामींना अजून त्याचा पत्ता नाही. लोकांचं म्हणणं ऐकून घेणार असं कुठे जाहीर झालं की संस्थेतर्फे मामा हजर. ऐन जूनमध्ये आंबा उतरवायला माणसं लग्ग्या घेऊन खोळंबलेली असतात आणि मामा खाटेवर लॅपटॉप उघडून कुठल्या तरी दूरच्या खंडातल्या बैठकीत बसलेले असतात. बोलायला दोन मिनिटं. पडद्यावर घड्याळ उलटं पळतं. पहिलं मिनिट संधी दिल्याबद्दल आभार मानण्यात जातं, दुसऱ्यात ‘तुमचा माईक बंद आहे’ हे कळतं, आणि माईक सुरू होतो तोच मलिहाबादची वीज जाते. इन्व्हर्टर शुद्धीवर येईपर्यंत अध्यक्षांनी मुद्दा नोंदवून घेतलेला असतो. कोणता, ते मामांनाही कळत नाही.

“हात लावून मम म्हणायला एवढं इंटरनेटचं बिल?” मामी विचारतात.

मामा खुळे मात्र नाहीत. दुखणं त्यांना तारीखवार पाठ आहे. इंटरनेटच्या नावापत्त्यांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅनने 2000 साली जगभरच्या वापरकर्त्यांना खरोखर मताचा अधिकार दिला होता. पाच विभागांतून पाच संचालक निवडून आले. युरोपातून तर हॅकरांच्या क्लबातला अँडी म्युलर-मागून आला. उत्तर अमेरिकेतून आलेल्या कार्ल आउअरबाखने संस्थेचे कागद बघायला मागितले, तर संचालक असूनही त्याला कोर्टात जावं लागलं. तो 2002 मध्ये खटला जिंकला. त्याच वर्षीच्या फेररचनेत निवडणूकच निकालात निघाली. राहिली ती सल्लागार समिती. तिच्यात माणसं 15, आणि आज संचालक मंडळाच्या 16 मतांपैकी वापरकर्त्यांच्या वाट्याला एक. सल्ला हवा तितका द्यावा, त्याला कुणाची ना नाही.

मामांचं काशी-रामेश्वर म्हणजे हैदराबाद. 2016 च्या नोव्हेंबरात, 3 ते 9, आयकॅनची बैठक तिथे भरली होती. एकेका शब्दावर जगभरच्या हरकती-सूचना मागवणाऱ्यांचा तो मेळा, आणि 8 तारखेला रात्री आठला सांगून बाराला पाचशे-हजारच्या नोटा बाद! गळ्यात ओळखपत्र आणि खिशात बाद नोटा घेऊन मामा चहाच्या टपरीवर उभे होते. “आमच्याकडे निदान फॉर्म तरी भरून घेतात,” असं त्यांनी चहावाल्याला ऐकवलं म्हणे. चहा उधार मिळाला.

फॉर्मचंही एक त्रांगडं आहेच. 2014 मध्ये देवनागरीतलं .भारत आलं तेव्हा मामांनी हौसेने मराठी ईमेल पत्ता घेतला. भाषिक समावेशनावरच्या एका चर्चेची नोंदणी करताना तोच पत्ता भरला, तर लाल अक्षरांत उत्तर: वैध पत्ता द्या. मामांनी मुकाट्याने इंग्रजी पत्ता दिला आणि समावेशनात शिरले.

परवा शेजारचा बागवान आला. मलिहाबादी दशहरीला 2009 पासून भौगोलिक मानांकन आहे, तरी भलताच आंबा त्या नावाने ऑनलाइन खपतो. “साहब, आप तो ऊपर तक बात करते हैं, इसे रुकवाइए.”

“तो विषय दुसऱ्या कार्यगटाकडे येतो,” मामांनी हिंदीत समजावलं. मग बागवानाचा विश्वास बसावा म्हणून कपाटातून एक जाडजूड अहवाल काढला. आत एक तळटीप पिवळ्या पेनने रंगवलेली: काही सहभागींनी भाषांचा मुद्दा मांडला.

“हे ‘काही’ म्हणजे मी.”

बागवानाने तळटीप उलटसुलट पाहिली. “और हमारा आम?”

मामांनी चष्मा लावला, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

“नोट कर लिया.”